दात काढल्यावर खाचेत वाढणारे मांस

दात काढला, ठणका थांबला, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच जागी जिभेला काहीतरी मऊ लागू लागले, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. ज्याने दात काढला त्याच्याकडे हा रुग्ण सहसा परत जात नाही. दात गेला, पैसे दिले, संबंध संपला, अशी त्याची समजूत असते. तो येतो वैद्याकडे, किंवा थेट औषधालयात जाऊन 'हिरडीला लावायला काहीतरी द्या' असे सांगतो. त्यामुळे या मांसवृद्धीकडे पहिली नजर बहुधा आपलीच जाते, आणि म्हणूनच त्या नजरेत काय असावे याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी चौतीस वर्षांची एक शिक्षिका प्रस्तुत लेखकाकडे आली. खालची डावी पहिली दाढ काढून बारा दिवस झाले होते. खाचेच्या तोंडाशी तुरीच्या दाण्याएवढा, लालभडक, मृदु असा मांसांकुर होता. ब्रश लागला की रक्त येई, वेदना मात्र जवळपास नव्हतीच. तिला कर्करोगाची धास्ती बसली होती. 'दादा, रात्री झोप लागत नाही, सारखी जीभ तिकडेच जाते,' असे तिने सांगितले. तंबाखू, सुपारी, मिश्री यांपैकी कशाचाही इतिहास नव्हता, हन्वधर ग्रंथी हाताला लागत नव्हत्या. त्या जागेचा छोटा एक्स-रे काढविला, तेव्हा खाचेच्या तळाशी मुळाचा बारीक तुकडा दिसला. दंतवैद्याने तो तुकडा काढला, खाच खरवडून साफ केली, निघालेले मांस तपासणीस पाठविले. अहवाल निव्वळ शोथजन्य मांसांकुराचा आला. पुढे त्रिफळा व खदिराच्या क्वाथाचा कवल आणि यष्टीमधूचा मधातून लेप एवढ्यावर तीन आठवड्यांत खाच भरून आली.

या रुग्णेत जे घडले तेच बहुसंख्य रुग्णांत घडते. दात निघाल्यावर खाचेत प्रथम रक्ताची गुठळी बसते. आठवड्याच्या सुमारास तिची जागा मांसांकुर घेऊ लागतात. साधारणतः तीन ते चार आठवड्यांत वरची त्वचा जुळते, आणि आतील अस्थिपूर्ती त्यानंतरही काही महिने चालू राहते. चरकाचार्यांनी अस्थींच्या गणनेत ३२ दात आणि ३२ दंतोलूखले अशी वेगळी नोंद केली आहे. उखळ ही उपमा येथे फार समर्पक आहे, कारण दात गेल्यावर शिल्लक राहते ते मांसातील छिद्र नसून अस्थीतील उखळ असते. त्या उखळात मुळाचा तुकडा, खाचेच्या भिंतीचा सुटलेला अस्थिकण अथवा जुन्या भरणातील धातूचा कण राहिला, तर भरून येण्याचे काम अर्धवट थांबते आणि मांसांकुर मर्यादा सोडून वर डोकावतात. आधुनिक दंतशास्त्रात यास 'एप्युलिस ग्रॅन्युलोमॅटोझा' म्हणतात. दात काढल्यानंतर एक-दोन आठवड्यांत तो दिसू लागणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा सशल्य व्रण आहे. आत शल्य असेतो व्रण रोपण होत नाही, हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ केलेले असते, परंतु तोंडात पाहताना ते विसरतो आणि बाहेर आलेल्या मांसावरच औषध लावीत बसतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील बाविसाव्या अध्यायात दंतनाडीची चिकित्सा सांगताना आचार्यांनी उपेक्षित दातामुळे नाडीची गती हनुकास्थीचा भेद करते असे बजावले आहे, आणि म्हणून दात समूळ काढावा व त्याबरोबर भग्न अस्थीही काढावी असा स्पष्ट आदेश दिला आहे. नुसता दात काढा, असे ते म्हणत नाहीत. मूळ आणि मोडलेले हाड या दोहोंचा एका श्वासात उल्लेख करणाऱ्याने असे व्रण पुष्कळ पाहिले असले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अधिमांस म्हणजे हे नव्हे

या मांसवृद्धीला 'अधिमांस' हे नाव देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती आढळते. ते योग्य नाही. सुश्रुताने निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात १५ दंतमूलगत रोग सांगितले. त्यांतील अधिमांस हा हनूच्या शेवटच्या दाढेशी होणारा, मोठा शोथ, तीव्र वेदना व लालास्राव असणारा कफज व्याधी आहे. अक्कलदाढ अर्धवट उगवून तिच्यावर हिरडीची झाकण चढते व सुजते, त्या अवस्थेशी त्याचे वर्णन अधिक जुळते. तेथे दात अद्याप तोंडात आहे, आणि आपल्या चर्चेतील रुग्णाचा दात तर गेलेला आहे. खाचेतून वर आलेल्या मृदु, रक्तस्रावी मांसाला व्रणप्रकरणातील 'उत्सन्नमांस' हीच संज्ञा युक्त ठरते. संज्ञेचा हा वाद केवळ शब्दांचा नाही. अधिमांस म्हटले की हात छेदनाकडे जातो. सशल्य व्रणातील उत्सन्नमांस म्हटले की प्रथम शल्याचा शोध घेणे भाग पडते. नुसते छेदन केलेले असे मांस आत तुकडा असेतो पुन्हा येते, आणि मग रुग्ण 'कापल्यामुळे वाढले' अशी आवई उठवितो.

खाचेत वा तिच्या शेजारी वाढणारे सर्वच मांस या जातीचे नसते. गर्भिणीच्या हिरडीवर याच रंगाची, सहज रक्त येणारी गाठ येते आणि प्रसूतीनंतर ती बहुधा ओसरते. तेथे धीर धरावा, दंतस्वच्छता नीट ठेवावी. फार दिवस कवळीची कड घासत असेल तर तिच्या रेषेने हिरडीच्या घड्या वाढतात. कवळी दुरुस्त केल्याविना कोणताही कवल तेथे काम करणार नाही. फिकट, कठीण, सवृंत, वर्षानुवर्षे तेवढीच राहिलेली गाठ ही घर्षणजन्य तंतुमय वाढ असते. जांभळट छटेची, बहुधा खालच्या हिरडीवरची, काढली तरी परत येणारी गाठ दिसल्यास ती महापेशीय गाठ असू शकते, आणि अशी गाठ वारंवार होत असेल तर रक्तातील कॅल्शियम पाहून घ्यावे, कारण परावटू ग्रंथीचा विकार मागे असू शकतो. स्पंदन जाणवणाऱ्या गाठीला आपल्या दवाखान्यात सुई वा शस्त्र लावू नये.

काही रुग्णांत तर वाढ झालेलीच नसते. दात गेल्यावर जीभ त्या मोकळ्या जागेत फिरू लागते आणि तिला जन्मभर असलेला टाळूच्या मध्यरेषेवरील अथवा खालच्या जबड्याच्या आतील बाजूचा अस्थीचा उंचवटा प्रथमच 'सापडतो'. दोन्ही बाजूंना सारखा, दगडासारखा कठीण, वर निरोगी त्वचा असलेला उंचवटा असेल तर रुग्णाला आरसा दाखवून धीर द्यावा, हीच चिकित्सा. खाचेच्या कडेचे अस्थीचे टोक हिरडीतून टोचत असेल तर दंतवैद्य ते घासून देतो.

वरच्या दाढांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. त्यांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला लागून असतात. दात निघताना मधला पातळ पापुद्रा फाटला तर पोकळीतील श्लेष्मल त्वचा खाचेतून खाली लोंबू शकते आणि हुबेहूब मांसांकुरासारखी दिसते. 'चूळ भरली की पाणी नाकात जाते का?' हा एकच प्रश्न येथे उपयोगी पडतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्या मांसाला क्षार, कवल, सळई यांपैकी काहीही लागू देऊ नये. वरचा दृढ दात उपटण्याबाबत सुश्रुताने अतिरक्तस्राव, काणत्व व अर्दित यांचे जे भय घातले आहे, त्यामागे नेमके कोणते अनुभव असतील हे आज सांगता येत नाही. तथापि वरचा जबडा अधिक सांभाळून हाताळावा ही त्यामागील सूचना आजही खोटी ठरलेली नाही.

अलीकडे आणखी एक प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे. अस्थिसौषिर्यासाठी अथवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट वर्गातील गोळ्या किंवा सलाइनमधून औषध घेतलेल्या रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडू शकते. २००३ सालापासून हा उपद्रव नोंदला जाऊ लागला. भोवती मांस वाढलेले आणि मध्ये पिवळट, खरखरीत हाड, आणि हे आठ आठवड्यांहून अधिक काळ, असे चित्र दिसले तर खरवडणे, क्षार लावणे वर्ज्य समजावे व मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

सहा आठवडे

आता ज्या रुग्णामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याविषयी. अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी, तीस वर्षे तंबाखू-चुना. खालची उजवी दाढ हलू लागली म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ती काढली. महिन्याने तो लेखकाकडे आला. खाचेत राखाडी-लाल, खडबडीत मांस, तोंडास दुर्गंध, मंद शूल. पहिल्या रुग्णेचे उदाहरण मनात ताजे होते, आणि तेच नडले. आत तुकडा राहिला असावा असे गृहीत धरले, एक्स-रे 'पुढच्या वेळी' काढू असे ठरविले, आणि इरिमेदादि तैलाचा गंडूष, खदिरादि गुटी चघळण्यास व त्रिफळा गुग्गुळ सुरू केले. दुर्गंध कमी झाला. शूलही थोडा उतरला. रुग्ण खूष, वैद्यही खूष. मांस मात्र तेवढेच होते, किंबहुना किंचित वाढले होते, पण उपशय मिळत असल्यामुळे त्याकडे डोळेझाक झाली. सहाव्या आठवड्यात तो म्हणाला, 'खालचा ओठ उजवीकडून बधिर झालाय, चहा सांडतो तो कळत नाही.' त्या वाक्याने डोळे उघडले. बायॉप्सीत हिरडीचा कर्करोग निघाला. जबड्याचा भाग काढावा लागला, पुढे किरणोपचार झाले.

दात काढल्यामुळे हा रोग झाला नव्हता. रोग आधीच हिरडीत व हाडात होता, त्यानेच दाढ सैल केली, आणि दाढ निघताच त्याला वर येण्यास वाट मिळाली. किडलेली नाही, भोवती कीट फारसे नाही, तरी एकच दाढ एकाएकी हलू लागली, असा इतिहास तंबाखू, मिश्री, सुपारी अथवा गुटखा सेवन करणाऱ्याकडून आला, तर दात काढण्यापूर्वीच संशय यावयास हवा. महाराष्ट्रात गुटखाविक्रीवर २०१२ साली बंदी आली, पण तिच्या पूर्वीची व नंतरचीही सवय पुष्कळ तोंडांत आहे, आणि मिश्री तर घरोघरी भाजली जात होती. आपल्या भागातील वयस्क स्त्रियांना 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर त्या 'नाही' म्हणतात. 'मिश्री लावता का?' असे वेगळे विचारावे लागते.

साध्या मांसवृद्धीत आणि या रोगात फरक करण्याची लक्षणे पुस्तकांत आहेत. मृदु, लाल, सवृंत, अल्प काळात आलेली वाढ सौम्य. कठीण तळाची, कडा उंचावलेली, खडबडीत, पांढऱ्या-लाल चट्ट्यांची, ओठ बधिर करणारी, तोंड उघडणे आखडणारी, गळ्यात स्थिर ग्रंथी असणारी वाढ संशयास्पद. परंतु आरंभीच्या अवस्थेत ही लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. शेतकऱ्याच्या पहिल्या भेटीत ओठ बधिर नव्हता, ग्रंथीही लागत नव्हत्या. म्हणून लक्षणांपेक्षा दिवस मोजणे अधिक भरवशाचे. कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत जे मांस ओसरू लागत नाही, त्याचा तुकडा तपासणीस गेलाच पाहिजे. व्यसनी रुग्णात दोन आठवडे थांबण्याचेही कारण नाही. 'सुई लागली की रोग पसरतो' ही समजूत रुग्णांत आहे आणि खेदाने लिहावे लागते की काही वैद्यांतही आहे. तिच्यामुळे जेवढे रुग्ण उशिरा पोहोचतात तेवढे प्रवासाच्या अंतरामुळेही पोहोचत नसतील. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. आता बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी दंतशल्यचिकित्सक बायॉप्सी करतो, आणि तिला मोजकी मिनिटे लागतात.

लावण्यापूर्वी

अवसादनासाठी सुश्रुताने कासीस, सैंधव, किण्व, मनःशिला, कुक्कुटांडकपाल, जाईच्या कळ्या, शिरीष व करंज यांची फळे इत्यादी द्रव्ये सांगितली आहेत. उत्सन्नमांस बसविण्याचा तो विचार शास्त्रशुद्ध आहे. पण तो पायावरील व्रणाचा आणि गिळण्याच्या मार्गावरील व्रणाचा सारखाच नाही. मनःशिला हे सोमलाचे खनिज, तोंडात तिला स्थान नाही. जात्यादि तैल व घृत व्रणरोपणात आपला हुकमी एक्का खरा, परंतु त्यात तुत्थ असते. दिवसातून चार वेळा ते हिरडीला लावून गिळण्यास देऊ नये. लवंगतेलाचा बोळा खाचेत तासन् तास ठेवण्याची घरगुती रीत तर सर्वत्र आहे. त्याने श्लेष्मल त्वचा भाजून पांढरी होते आणि मग तो पांढरा चट्टा वेगळ्याच रोगाचा भास करून देतो.

प्रतिसारणीय क्षार व क्षारसूत्र यांचा सवृंत वाढीत चांगला उपयोग होतो यात शंका नाही. फक्त क्रम उलटू नये. क्षार लागला की पृष्ठभाग जळतो, आणि पुढे घेतलेल्या तुकड्यात विकृतितज्ज्ञाला जळालेल्या पेशींपलीकडे काही दिसत नाही. आधी निदान, मग क्षार. जे काही कापून निघेल ते टाकून देऊ नये. दहा टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत, मांसाच्या सुमारे दहापट द्रवात, ठेवावे. स्पिरिटमध्ये किंवा पाण्यात ठेवलेला तुकडा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत निकामी होतो.

निदान निश्चित झाले, शल्य निघाले, म्हणजे मग आपले क्षेत्र मोकळे होते. दात काढल्याच्या पहिल्या दिवशी कवल-गंडूष देऊ नये, गुठळी सुटते. त्यानंतर कोमट त्रिफळाक्वाथ, खदिर, पटोल, निंब, रोपणासाठी यष्टीमधू-मध. दंतनाडी उरली असेल तर जाती, मदन, कटुकी, गोक्षुर, यष्टी, लोध्र, मंजिष्ठा, खदिर यांनी सिद्ध तैल, जे सुश्रुताने याच प्रसंगी सांगितले आहे. ते सहसा तयार मिळत नाही, करून घ्यावे लागते. ज्यांची स्वतःची फार्मसी आहे त्यांनी ते करून पाहावे, अशी विनंती आहे.

औषधालयाच्या मालकांस दोन शब्द. कांचनार गुग्गुळाच्या फलश्रुतीत अर्बुद हा शब्द आहे, म्हणून 'गाठ' म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती डबी पुढे करणे सोपे जाते. दात काढल्यानंतरची गाठ म्हणून कोणी औषध मागितले तर किती दिवस झाले, आणि तंबाखू-मिश्री आहे का, एवढे विचारावे. पंधरा दिवसांवर काळ गेला असेल तर डबी देण्याऐवजी वैद्याकडे वा दंतवैद्याकडे पाठवावे. 'मुखातील गाठी विरघळवणारे' असे फलक दुकानात लावण्यापूर्वी १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याची अनुसूची वाचावी. कर्करोग व अर्बुद दोन्ही तीत आहेत.

जालंधर-बंध पद्धतीने दात काढणारे आपले सहकारी आहेत, आणि २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमात दंतोत्पाटनाचा नामनिर्देशही झाला. त्यावर वाद पुष्कळ झाले, ते येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. पण ज्यांच्या हातून दात निघतो त्यांच्यावर एक जादा काम येते. निघालेला दात उजेडात धरून प्रत्येक मुळाचे टोक गोल व अखंड आहे की तुटके, हे पाहावयाचे. टोक तुटके असेल तर रुग्णाला तसे सांगावे, केसपत्रावर लिहावे, आणि दहाव्या दिवशी बोलवावे. प्रस्तुत लेखकाच्या नोंदवहीत आता 'दात कधी काढला' या रकान्यापुढे 'मुळे पूर्ण निघाली का' आणि 'तपासणीस पाठविले ती तारीख' असे दोन रकाने आखलेले आहेत. त्या शेतकऱ्याच्या नावापुढील दुसऱ्या रकान्यातली तारीख सहा आठवडे उशिराची आहे.